कॉटेज विकायची, पण विहिरीचं काय?

मागे जो आवाज येतोय ना, तो तुमच्या हेडफोनचा प्रॉब्लेम नाही. पाऊस आहे. आज मी नेरुळहून नाही, आमच्या कॉटेजच्या पडवीत बसून बोलतेय.

कॉटेज म्हटल्यावर फार काही डोळ्यांसमोर आणू नका. अलिबाग तालुक्यात किहीमच्या पुढे नवगाव लागतं. तिथल्या कोळीवाड्याजवळ आजोबांनी बांधलेल्या दोन खोल्या, वर कौलं, मागे विहीर. आम्ही पक्के नवी मुंबईचे, तरी गावात याला ‘मुंबईवाल्यांचं घर’च म्हणतात. असो. आम्ही यायचो दिवाळीत, मे महिन्यात, लाँग वीकेंडला. पावसाळ्यात कधीच नाही. गेटवेहून मांडव्याची बोट बंद, जून-जुलैत मासेमारी बंद. मग येऊन करायचं काय?

या मे महिन्यात माझी नोकरी गेली. त्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर दादाचा मेसेज आला : कॉटेज विकूया, गिऱ्हाईक आहे. मग पनवेल, पेण, वडखळ करत मी एसटीने एकटीच आले, कपाटं रिकामी करायला. आठ दिवसांसाठी. सात आठवडे झाले.

१९३० मध्ये इथून जवळच, किहीमला, एक माणूस असाच येऊन राहिला होता. पक्षीतज्ज्ञ सलीम अली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ते गाइड लेक्चरर होते. रजा घेऊन बर्लिनला गेले, श्ट्रेझेमान नावाच्या मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाकडे शिकले आणि परत येऊन बघतात तर पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द! मग ते आणि पत्नी तेहमीना किहीमला आले. तिथे त्यांनी सुगरण पक्षी नुसते बघितले. दिवसेंदिवस.

आणि काय सापडलं बघा. खोपा विणतो नर. आपण मराठीत नाव दिलंय सुगरण, आणि राबतो तो बिचारा! अर्धा खोपा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर राहते, नाही तर सरळ निघून जाते. ती राहिली की नर उरलेलं काम पुरं करतो, लांब नळीसारखं दार विणतो आणि लगेच पुढचा खोपा घ्यायला मोकळा, दुसऱ्या मादीसाठी. यावरचा त्यांचा लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. हे सगळं चालतं पावसाळ्यात. म्हणजे वीकेंडवाल्यांना दिसणारच नाही.

आमच्या विहिरीवर एक शिंदी वाकलीय. तिच्यावर या वर्षी खोपे आहेत. इतकी वर्षं येतोय, मला माहीतच नव्हतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, “दरवर्षी असतात. तुम्ही नसता.”

त्या टोमणा मारत नव्हत्या, पण मला लागलं. कारण ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. लॉकडाऊन, आम्ही नेरुळमध्ये अडकलेले, कोणाचा फोन लागत नाही. नंतर कळलं, आमची कौलं उडाल्यावर काकींच्या मुलाने होडीवरची ताडपत्री आणून आमच्या छपरावर बांधली. त्यांचं स्वतःचं छप्परही गेलं होतं. मी परवा विचारलं, आमचं आधी का? म्हणाल्या, “आमच्याकडे आम्ही होतो की आवरायला. तुमच्याकडे कोण होतं?”

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात नळाला पाणी नसतं तेव्हा काकींची आणि मागची तीन घरं आमच्या विहिरीवर येतात. आजोबांच्या वेळेपासून. कागदावर कुठेच नाही. शहरातून येणारा नवा मालक आधी काय करतो? कंपाउंड घालतो, गेट लावतो. या पट्ट्यात फिरा, दिसेल तुम्हाला. मी काकींना विचारलं, तुम्हीच घ्याल का घर? खूप हसल्या. भाव ऐकल्यावर मीही हसले.

तर रविवारी नेरुळला मीटिंग आहे. दादाला पैसे हवेत, मुलीची इंजिनिअरिंगची फी आहे. तो व्हिलन नाहीये. मलाही हवेत, खोटं कशाला बोलू? मी एवढंच मागणार आहे : विहीर आणि तिच्यापर्यंतची वाट विक्रीतून वेगळी काढायची आणि ते वकिलाकडून लिहून घ्यायचं. भाव पडेल. दादा चिडेल. गिऱ्हाईक कदाचित पळेल.

शिंदीवर आज सकाळी अकरा खोपे होते. चार अर्धवट.