वर्तुळ कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कॅनडातील काही विद्यापीठांत आज शिक्षक आणि विद्यार्थी बाके बाजूला सारून गोलाकार बसतात. तेथील अनेक आदिवासी समाजांच्या परंपरेतून ही पद्धत आली आहे. गरुडाचे पीस किंवा एखादा दगड हातोहात फिरतो. तो ज्याच्या हाती असेल त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे. बोलावयाचे नसेल त्याने मुकाट्याने पुढे द्यावा. पदवी नसलेले जाणते वृद्ध तेथे गुरू म्हणून बसतात.

कोणाही समतावाद्यास हे दृश्य सुखावील. परंतु त्यामागील इतिहास विसरता येणार नाही. शंभराहून अधिक वर्षे सरकार आणि चर्चसंस्था यांनी सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना निवासी शाळांत ठेवले. त्यांना आईबापांपासून तोडले, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. २०१५ साली सत्य व सलोखा आयोगाने यास सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. त्याच्या ९४ शिफारशींत आदिवासींचे ज्ञान व अध्यापनपद्धती वर्गात कशा आणाव्यात याचे शिक्षण शिक्षकांना देण्याचीही शिफारस आहे.

शिफारस योग्यच आहे. प्रश्न सत्तेचा आहे. अभ्यासक्रम, नेमणुका, निधी आणि परीक्षा जुन्याच हातांत राहिल्या, तर गोलात बसलेल्या विद्यार्थ्याची नजर शेवटी गुण देणाऱ्याकडेच वळणार. वर्गात एकच आदिवासी विद्यार्थिनी असेल, तर साऱ्या समाजाच्या दुःखाची साक्ष तिच्याकडूनच मागितली जाणार. आणि मानधनावर एका तासापुरत्या बोलावलेल्या आजीबाईंना पुढील वर्षी काय शिकवावे हे कोणी विचारणार नाही.

याउलट अल्बर्टा प्रांतातील ब्लू क्विल्सचे उदाहरण पाहा. ही अशीच एक निवासी शाळा. तिचे भवितव्य सरकार परस्पर ठरवू लागले, तेव्हा १९७० च्या उन्हाळ्यात आदिवासी पालकांनी व वडीलधाऱ्यांनी इमारतीत ठिय्या दिला. सरकारला नमावे लागले. कारभार आदिवासींच्याच मंडळाकडे आला. पुढे तेथे महाविद्यालय झाले आणि २०१५ पासून तीच संस्था विद्यापीठ म्हणून काम करीत आहे. तेथील वर्तुळ कोणी बहाल केलेले नाही. ते लढून मिळविलेल्या अधिकारावर उभे आहे.

म्हणून सत्ता येईपर्यंत वर्तुळ नकोच, असे मी म्हणत नाही. दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकणे ही लोकशाहीची मोठी शिस्त आहे. पण ती शिस्त हक्काची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या शिबिरांनाही हेच लागू आहे. व्यासपीठ काढून सर्वांनी सतरंजीवर बसणे सोपे आहे. विषयपत्रिका कोण लिहितो, निर्णय कोण घेतो आणि मागच्या रांगेतील आदिवासी भगिनीच्या शब्दाने ठराव बदलतो काय, यावरच आपली समता पारखली जाईल.