यंत्र झाडतं, पण वाकतं कोण?

श्रोतेहो, घर झाडण्याच्या वस्तूंना आपल्या वऱ्हाडात नावांची वाण नाही. अंगणाला खराटा, घरात फडा नाहीतर केरसुणी, माळ्यावरच्या जाळ्यांना कुंचा आणि फरशी पुसायला पोतेरं. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणारी घरं आमच्या गल्लीत आहेत, आणि तिला पाय लागू नये हा धाक आमच्या अम्मीनंही आम्हाला घातला होता. या जुन्या मंडळीत आता एक नवा पाहुणा आला आहे. परातीएवढा गोल, पाच-सहा बोटं उंच. तो आपला आपण घरभर फिरतो, केर ओढून घेतो, मागे ओलं फडकं ओढत फरशी पुसतो आणि काम संपलं की भिंतीशी ठेवलेल्या आपल्या जागेवर जाऊन चार्ज होत बसतो. झाडू-पोछा करणारा हा रोबोट पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. मागवला की खामगावच्या गल्लीतही घरपोच येतो. आमच्याकडे तो मुलानं पाठवला, त्याला वर्ष होऊन गेलं. घरात आम्ही तीन पिढ्या, दोन नातवंडं आणि एक मांजर. तेव्हा या पाहुण्याविषयी चार गोष्टी सांगण्याइतका सहवास झाला आहे.

यंत्राची जन्मकथा फार जुनी नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनं २००१ मध्ये असं यंत्र बाजारात आणलं. पाठोपाठ सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीचा रुम्बा आला आणि तो घरोघर गेला. ती सुरुवातीची यंत्रं आंधळ्या कोशिंबिरीतल्या गड्यासारखी होती. भिंतीला धडकायचं, वळायचं, पुन्हा धडकायचं. आताच्या बऱ्याच यंत्रांच्या डोक्यावर गरगर फिरणारा लेसरचा डोळा असतो. भिंत किती लांब, खाट कुठे, दार कुठे हे मोजून तो घराचा नकाशा मांडतो आणि शेतात तास धरावं तसा ओळीनं चालतो. पोटाखाली आणखी डोळे असतात. ते जमिनीवर अदृश्य किरण सोडतात. किरण परत आले तर पुढे जमीन आहे, नाही आले तर पायरी किंवा खड्डा आहे असं समजून यंत्र थांबतं. म्हणून ते जिन्यावरून पडत नाही. पण काळा दगड किरण गिळतो. आमच्या स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याची एक पट्टी आहे. तिच्यापुढे हे शहाणं यंत्र विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं थबकतं!

रोबोट या शब्दाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकातून तो जगात गेला. शब्द सुचवला होता त्याच्या भावानं, चित्रकार योसेफनं. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीनं करावं लागणारं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, वेठ. म्हणजे रोबोट हा मुळात वेठीला धरलेला गडी. हा अर्थ कळल्यापासून मला एकच प्रश्न पडतो. घरातली वेठ आजवर कोण करत आलं, आणि यंत्र आल्यावर ती खरोखर संपते का?

आधी लेकराबाळांच्या आणि मुक्या जनावरांच्या घरातला अनुभव सांगतो. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. आमच्या केरात काळ्या मातीची धूळ असते, कापसाची पिंजर असते आणि त्यात मांजरीचे केस. हा बारीक केर यंत्र फार छान ओढतं. खाटेखाली, कपाटाखाली, जिथे फडा पोचत नाही आणि माणसाला पालथं पडावं लागतं, तिथे ते सहज शिरतं. गुणाला गुण म्हटलंच पाहिजे.

पण त्याला समज नाही. संक्रांतीच्या दिवसांत खाली पडलेला मांजा ते चाकात गुंडाळून घेतं. जानमाजच्या, म्हणजे नमाजाच्या सतरंजीच्या झालरी त्याच्या ब्रशला फार आवडतात. मणी, खडूचा तुकडा, बाहुलीचा बूट, सगळं त्याला केरच. लहान मूल त्याच्यावर घोडा करून बसतं, त्याच्या फिरत्या ब्रशला बोटं लावतं. म्हणून रांगतं मूल फरशीवर असेल तेव्हा यंत्र बंद, हा आमच्याकडे नियम आहे. वीज गेली तरी बॅटरीवर ते चालत राहतं, पण जागेवर परतल्यावर चार्ज मात्र होत नाही. साध्या यंत्राला दोन सेंटीमीटरचा उंबरठासुद्धा डोंगर वाटतो. जुन्या घरांचे आपले उंबरे चार-चार बोटांचे. प्रत्येक खोलीत त्याला उचलून न्यावं लागतं, नवरदेवासारखं!

मांजर पहिले दोन दिवस कपाटावरून उतरली नाही. तिसऱ्या दिवशी लांबून पाहू लागली, आणि आता ते जवळ आलं की कंटाळून शेपूट बाजूला घेते. मांजरीविषयी आमच्या घरात जिव्हाळा जुना आहे. पैगंबरसाहेबांचे एक सहकारी अबू हुरैरा याच नावानं ओळखले जातात. अर्थ, मांजरीच्या पिलाचा बाप. तर या पिलांच्या मायबापांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यंत्राच्या पाण्याच्या टाकीत फिनाइल ओतू नये. एक तर त्यानं यंत्राचे भाग खराब होतात. दुसरं म्हणजे ओल्या फरशीवरून मांजर चालते, मग पंजे चाटते, आणि फिनॉल वर्गातली द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद तिच्या यकृतात फारच कमी असते. रांगणारं मूलही तोच हात तोंडात घालतं. रोजच्या पुसण्याला साधं पाणी पुरतं.

घरात पिल्लू असेल आणि त्यानं मध्येच घाण केली, तर यंत्र त्यावरून इमानदारीनं फिरतं आणि ती घरभर सारवून ठेवतं. हसू नका, हा प्रकार जगभर इतका झाला की २०२१ मध्ये आयरोबॉटनं कॅमेरा लावलेलं नवं यंत्र काढलं, तेव्हा वर्षभरात ते कुत्र्या-मांजराची विष्ठा चुकवू शकलं नाही तर यंत्र बदलून देऊ, असं वचन दिलं होतं. पण कॅमेऱ्याचीही दुसरी बाजू आहे. चाचणीसाठी काही घरांत दिलेल्या यंत्रांनी टिपलेली आतली चित्रं बाहेर फुटल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. ज्या घरात लहान मुलं उघडी-नागडी बागडतात, तिथे खरेदीपूर्वी हा विचार करावा. आणि घर झोपलेलं असताना यंत्र चालवू नये. कोणीतरी जागं असावं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यंत्र झाडतं, पण त्याच्याआधी घर आवरावं लागतं. चपला, दप्तरं, खेळणी, चार्जरच्या वायरी, मांजरीची वाटी सगळं उचलायचं. नंतर केराची डबी रिकामी करायची, ब्रशमध्ये अडकलेले केस कात्रीनं कापायचे, पुसायचं फडकं धुऊन वाळवायचं. फडकं धुतलं नाही तर यंत्र कालचीच घाण आज पुन्हा फिरवतं. म्हणजे काम संपलं नाही, त्याचं रूप बदललं. ते कोण करणार?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांचा दिवस कशात जातो याची देशभर पाहणी केली होती. सहा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी ८१ जणी बिनपगारी घरकाम करत होत्या, त्याही दिवसाला सरासरी २९९ मिनिटं. पुरुषांत शंभरातले २६ जण, आणि त्यांची मिनिटं ९७. रोबोटचा अर्थ वेठ असेल, तर हे २९९ मिनिटांचे रोबोट आपल्या घरात कधीपासून आहेत, हे वेगळं सांगायला नको. माझी अम्मी उकिडवी बसून पोतेऱ्यानं पूर्ण घर पुसायची. साठीत तिचे गुडघे गेले. घरातल्या कोणालाही त्या दोन गोष्टींचा संबंध लावावासा वाटला नाही.

यंत्रामुळे आमच्याकडे एक मजेदार गोष्ट घडली. चपला उचला म्हणून सूनबाईंनी किती वर्षं सांगितलं असेल, कोणी ऐकलं नाही. यंत्र चप्पल ओढतं म्हटल्यावर नातू पळत जाऊन चप्पल उचलू लागला. घरातले पुरुष डबी उघडून पाहू लागले. माणसाच्या पाठीसाठी न वाकलेली मंडळी मशीनसाठी वाकली. नवलाई ओसरल्यावर हे टिकावं म्हणून आम्ही भिंतीवर वार लावले आहेत. फडकं धुण्याचे दोन वार माझे आहेत.

आणि राहिल्या मावशी. आमच्याकडे झाडू-पोछ्याला त्या अनेक वर्षांपासून येतात. यंत्र फिरताना त्यांनी पाहिलं, पदरानं हात पुसले आणि विचारलं, "भाऊ, आता हेच झाडते अन् पुसते. मंग म्या उद्यापासून येऊ का नोको?" प्रश्न साधा होता, आवाज साधा नव्हता. यंत्राची किंमत भागिले मावशींचा पगार, असा हिशेब कोणत्याही घरात पाच मिनिटांत मांडता येतो, आणि अनेक घरांत तो मांडला जाईल. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. तरीही या बायकांचा रोजगार अजून बराचसा घरमालकाच्या मर्जीवर चालतो.

सूनबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही याच. खाली वाकायचं काम त्याला देऊ, बाकीचं तुम्ही करा. पगार आहे तोच." मावशी आता भांडी, ओटा, जाळ्या-जळमटं बघतात. आणि एक काम त्यांनी स्वतःहून घेतलं आहे. यंत्राची डबी त्या वर्तमानपत्रावर उलटी करतात आणि धान्य निवडावं तसा केर निवडतात. त्यात नातीची बाळी सापडली. पावसाळ्यात एकदा बारीक, ओलसर मातीचे कण पाहून त्या म्हणाल्या, "भाऊ, चौकटीले वाळवी लागली." पाहिलं तर खरंच. यंत्रानं ती माती रोज मुकाट्यानं गिळली होती. झाडणारा माणूस केर काढता काढता घरही वाचत असतो, हे मला त्या दिवशी दिसलं.

आपल्या वऱ्हाडातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. त्यांच्या नावानं सरकारनं २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. बाबांनी खराटा घेतला तेव्हा नुसते रस्ते झाडले नाहीत. झाडण्याचं काम हलकं आणि ते करणारा माणूस हलका, ही समजूतही झाडायला काढली. यंत्र रस्ता झाडू शकेल, ही समजूत झाडणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, परवडत असेल तर यंत्र जरूर घ्या. एखाद्या आईचे गुडघे त्यानं वाचत असतील तर पैसे सत्कारणी लागले. फक्त घेण्याआधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा. फडकं कोण धुणार, आणि आजवर जी बाई झाडत आली तिच्या पगाराचं काय. ही दोन उत्तरं मिळाली की मग रंग कोणता घ्यायचा ते नातवंडांना विचारा.