खोके फोडून ऐका

गाण्याला खोके कुणी पाडले? अमेरिकेत १९२०च्या दशकात काळ्यांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या विकल्या. १९४९ साली ‘बिलबोर्ड’नं तिथं ‘रिदम अँड ब्लूज’ लिहिलं. पाटी बदलली, कुंपण राहिलं.

आज मोबाइलवर जगभरचं गाणं आहे. पण यंत्र काल ऐकलेल्याच्याच भावकीतलं आज वाढतं. ही आळी ओलांडायची तर माणसांचा माग काढा. ड्रम कुणी वाजवला, तुकडा कुठून उचलला, विचारा. लागोसच्या फेला कुटीकडून निघालात, की जेम्स ब्राऊनचं फंक भेटेल. तिथून १९७३चं ब्रॉन्क्स, कूल हर्कची पार्टी, हिपहॉपचा जन्म. तीन पाट्या, नाळ एकच.

यंत्रानं वाढलेलं गपगुमान गिळू नका. नाव विचारा, मागं जा, ऐका.