जायफळाची किंमत

आपल्या श्रीखंडात किसून पडणाऱ्या जायफळाचे मूळ घर म्हणजे इंडोनेशियातील बांदा ही चिमुकली बेटे. सोळाव्या शतकात जगाचे जवळजवळ सारे जायफळ तेथूनच येई. जावा-मलायाचे व्यापारी तांदूळ व कापड घेऊन तेथे जात आणि जायफळ, जायपत्री भरून परतत. तेव्हा १५१२ साली पोर्तुगीज तेथे पोहोचले, याला 'शोध' म्हणणे आम्हांला जड जाते. सापडायला ही बेटे हरवली होती कोठे?

डच आले ते निराळ्या बेताने. १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीला नुसता माल पुरेना. तिला मक्ता हवा होता. करार लिहून घेतले गेले, पण बांदाचे लोक इतर गिऱ्हाइकांनाही माल देतच राहिले. का देऊ नये? डचांच्या लोकरी कापडाने त्या उष्ण बेटांवर कोणाचे पोट भरणार होते?

१६२१ साली गव्हर्नर-जनरल कून आरमार घेऊन चालून गेला. बेटांवरील प्रमुखांना पकडून भाडोत्री जपानी सैनिकांकरवी ठार मारण्यात आले. सुमारे १५,००० वस्तीपैकी हजारभरच उरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बाकीचे लढाईत, उपासमारीत मेले किंवा गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले गेले. बागा डचांना वाटून दिल्या गेल्या आणि राबायला बाहेरून गुलाम आणले गेले.

थोडे लोक होड्यांतून काई बेटांवर निसटले. त्यांचे वंशज आजही तेथे बांदाची भाषा बोलतात. खुद्द बांदावर ती उरलेली नाही.