पेशीतील एक पंप आणि त्याचा माग काढणारे प्रतिपिंड
(वार्षिक सभेतील भाषण)



मूल वाढत नाही, सारखे पाणी मागते, उलट्या करते, पाय वाकतात. साखरखेर्ड्यासारख्या गावात याला बहुधा कुपोषण वा मुडदूस समजले जाते. क्वचित मात्र मूळ दोष आहारात नसून मूत्रपिंडाच्या पेशींत असतो, हे आम्हांस आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

रक्तातील जादा आम्ल मूत्रात सोडणारा प्रोटॉन पंप या पेशींत असतो. तो अनेक प्रथिन-उपघटकांचा बनलेला आहे. त्यांपैकी ‘बी-१’ हा उपघटक मूत्रपिंडात तसाच अंतर्कर्णातही असतो. त्याच्या जनुकातील बिघाडाने रक्तातील आम्लता वाढते, हाडे मऊ पडतात, मूत्रपिंडात कॅल्शियम साचते आणि श्रवणशक्तीही घटते, हे १९९९ मध्ये संशोधकांनी दाखविले.

नेमके याच उपघटकाला चिकटणारे प्रतिपिंड प्रयोगशाळेत वापरतात. ऊतीच्या पातळ कापावर ते सोडले, की पंप पेशीत कोठे आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ते औषध नव्हे, संशोधनाचे साधन होय.

उपचार त्या मानाने साधा आहे: वैद्यकीय सल्ल्याने रोज, बहुधा आयुष्यभर, सोडा-बायकार्ब वा सायट्रेट. वेळीच सुरू केल्यास वाढ सुधारते. गेलेली श्रवणशक्ती मात्र सहसा परत येत नाही. हा दोष माता व पिता या दोघांकडून आल्यासच आजार होतो. म्हणून नात्यातील विवाहांत धोका वाढतो. अशा मुलाच्या रक्ताची, मूत्राची व कानांची तपासणी लांबवू नये, ही आमची कळकळीची विनंती. आपल्या दानाचे सार्थक अशा वेळेवर झालेल्या निदानातच आहे.