मांडवातली तोटी

बोला पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!

मायबाप हो, पाहुण्याला वाढणाऱ्याचं पुण्य आपण नेहमी ऐकतो. वाढणाऱ्याच्या माथ्यावर काही जबाबदारी असते का, एवढंच आज पाहायचं आहे.

गेल्या कार्तिकीला पंढरपुरात एक माळकरी माझ्या राहुटीत आले. शेतकरी माणूस. मुलगा अमेरिकेत. म्हणाले, “महाराज, पोराचं लग्न ठरलंय, तिकडंच. पोरगं घरी बीअर करतं. म्हणतं, आप्पा, हॉलमध्ये तोटी बसवणार आणि माझ्या हातची बीअर पाहुण्यांना पाजणार. आता मी माळ काढू, का लग्न सोडू?”

मी म्हटलं, “आधी मला सांगा, करतो कशी?” बापाला सगळं पाठ! मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, ऊन पाण्यात भिजवायचे. गोड रस निघतो. त्यात हॉप नावाची कडू फुलं घालून उकळायचा, गार करायचा, यीस्ट घालायचं. दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. मग पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या स्टीलच्या टाकीत भरून सोड्याचा गॅस सोडायचा. चोरीचा मामला नाही बरं का. तिथं १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली. दोन सज्ञान माणसांच्या घरात वर्षाला २०० गॅलन करता येते, विकता येत नाही.

आता बघा, पोराच्या मनात वाईट काय आहे? महिनाभर राबून स्वतःच्या हातचं पाहुण्याला द्यावं, हा भाव खोटा नाही. पण माउली, भाव खरा असला म्हणून पेल्यातला पदार्थ बदलत नाही.

महाभारतात मौसलपर्व आहे.  द्वारकेतल्या वृष्णी-अंधकांना ऋषींचा शाप होता. तेव्हा नगरात दवंडी पिटली, आजपासून वृष्णी-अंधकांच्या कोणाच्याही घरी मद्य करायचं नाही. करील त्याला सुळावर देऊ. काय म्हणतो मी? घरी करायचं नाही! दवंडी कोणाच्या नावानं? राजाच्या, बलरामाच्या आणि साक्षात श्रीकृष्णाच्या. घरातली मद्याची भांडी बंद झाली. पुढं सगळे प्रभासक्षेत्री यात्रेला गेले आणि तिथं पेले भरले. एकानं जुनं उणं काढलं, दुसऱ्यानं उत्तर दिलं. समुद्रकाठचा लव्हाळा उपटून भावानं भावाला मारलं. देव समोर उभा होता, तरी कुळ राहिलं नाही.

एवढं ऐकलं आणि आप्पा रडायला लागले. म्हणाले, “महाराज, माझा धाकटा भाऊ दारूनं गेला. त्याला पहिला पेला कोणी दिला ठाऊक आहे? मी. माझ्याच वरातीत. नको म्हणत होता. मी म्हटलं, दादाच्या लग्नात नाही म्हणतोस? त्याला पोचवून आल्यावर ही माळ घातली. पोराला हे कधी सांगितलं नाही.”

मी म्हटलं, “आप्पा, माळ काढू नका, लग्नही सोडू नका. हे सगळं पोराला सांगा. रागावून नको, बाप म्हणून सांगा.”

त्यांनी राहुटीबाहेर जाऊन फोन लावला. पलीकडं पोरगं बराच वेळ गप्प होतं.

यंदाच्या आषाढीला आप्पा पुन्हा आले. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाले, “तोटी बसवली महाराज, पण दोन बसवल्या. एकीत बीअर. दुसऱ्या टाकीत आलं-लिंबाचं पाणी, त्यालाही तोच गॅस. पेले एकसारखे. कोण काय पितंय कळतच नव्हतं, म्हणून ‘घे की रे’ म्हणायला कोणाला जागाच राहिली नाही. बीअरच्या तोटीवर न पिणारा माणूस उभा केला, लेकराला द्यायची नाही, झिंगलेल्याला द्यायची नाही. गाडी चालवणाऱ्याला आलं-लिंबू. माझ्यासाठी पोरानं स्वतः पेला भरून आणला. गॅस नाकात गेला, पण गोड लागलं.”

माउली, मी बीअरची बाजू घेत नाही. मला विचाराल तर एकच तोटी पुरे, आलं-लिंबाची. पण त्या पोरानं बापाचं ऐकून एक गोष्ट ओळखली: पिणाऱ्याचं पिणाऱ्यापाशी म्हणून देणाऱ्याला हात झटकता येत नाहीत.

आपल्या गावाकडं वरात निघते. गाडीच्या डिकीत बाटल्या असतात आणि कोणीतरी एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा दंड धरून म्हणतं, “आज नाही म्हणायचं नाही.” तो म्हणणारा तुमच्या घरचा असतो. आग्रह जिलेबीचा करा, पुरणपोळीवर तुपाचा करा. पेल्याचा आग्रह करू नका. आणि कोणी ‘नको’ म्हटलं, तर त्या ‘नको’ला मांडवात मान द्या.

बोला पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!