बाईंचं वेळापत्रक
(स्नेहसंमेलनात 1983 च्या दहावीच्या बॅचतर्फे केलेलं भाषण)



आज सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्या इतिहासाच्या बाई का नाही आल्या?" बाई मुलुंडला असतात, एका वृद्धाश्रमात. त्यांना विचारूनच मी हे सांगतोय. त्यांची एकच अट आहे, "माझं नाव घेऊ नकोस आणि कोणाला रडवू नकोस."

बाईंचा जन्म 1940 चा, कोकणातला. मॅट्रिक झाल्यावर परळच्या चाळीत मामांकडे राहून त्यांनी बी.ए., बी.एड. केलं. 1998 ला निवृत्त होईपर्यंत त्या आपल्याच शाळेत होत्या. लग्न केलं नाही. नागरिकशास्त्राचा तास आपण डबे खाण्यात घालवायचो. बाई ते बघून न बघितल्यासारखं करायच्या.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि आपल्यातल्या काही घरांत पगार थांबला. त्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेची तिघांची फी कोणीतरी परस्पर भरली. कोणी, ते शाळेच्या क्लार्ककाकांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्या तिघांतला एक मी.

2017 मध्ये बाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी दार तोडेपर्यंत तीन तास त्या तशाच पडून होत्या. भाचा बंगळूरला चला म्हणत होता. पण बाईंनी वॉकर घेऊन चार वृद्धाश्रम स्वतः पाहिले आणि एक निवडला. घर विकलं नाही, भाड्याने दिलं. भाडं आणि पेन्शन यांतून महिन्याचे पैसे भागतात.

मी एकदा बोलून गेलो, "बाई, हे वृद्धाश्रमाचं फॅड आपल्याकडे नव्हतं हो." लगेच इतिहासाचा तास झाला. "पुण्याचं निवारा 1863 सालचं आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं. लिहून घे."

बाईंचा दिवस साडेपाचला सुरू होतो. चहानंतर वॉकर घेऊन पॅसेजमध्ये वीस फेऱ्या, त्या स्वतः मोजतात. नऊला नाश्ता आणि गोळ्या. दहाला पेपर मोठ्याने वाचतात, कारण शेजारच्या पलंगावरच्या घाटकोपरच्या बेनना दिसत नाही. बातमी मराठीत आणि भांडण गुजरातीत. बारापर्यंत दोघी सरकार पाडतात आणि जेवायला जातात. दुपारी चारला शिकवणी. तिथल्या एका आया-मुलीला बाईंनी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावलाय. तिची ड्यूटी बदलली की बाईंचं वेळापत्रकही बदलतं. साडेसातला जेवण, नऊला दिवे बंद.

सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. जेवण शाकाहारी, आणि बाई कोकणातल्या. बांगड्याचा विषय निघाला की त्या गप्प होतात. रात्र फार मोठी असते म्हणतात. आणि एक गोष्ट त्यांच्या अजून अंगवळणी पडलेली नाही. खोलीला आतून कडी नाही. "पडले तर दार तोडायला नको म्हणून काढली, हे मला कळतं रे. पण 77 वर्षं माझ्या दाराला कडी होती."

तिथे एक आजोबा आहेत. रविवारी मुलगा येतो म्हणून सकाळी नऊपासून इस्त्रीचा शर्ट घालून गेटजवळ बसतात. बरेचदा तो येत नाही. बाई म्हणाल्या, "न येणारा परवडतो. येतो म्हणून न येणारा नको."

फीचे पैसे परत करायचा मी प्रयत्न केला होता. बाई म्हणाल्या, "परत करायचे असतील तर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ये. चार ते पाच. हप्ता चुकवायचा नाही." गेली पाच वर्षं मी हप्ते भरतोय. करोनात गेट बंद होतं, तेव्हा ते फोनवर भरले.

आता आपण सगळे साठीला टेकलो आहोत. म्हणून बाईंनी नागरिकशास्त्राचा राहिलेला धडा पाठवलाय. राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करायची घाई करू नका. केलंच, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 आहे. त्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. "मुलं वाईट असतात म्हणून नाही," बाई म्हणाल्या, "कागद असला की प्रेमावर भार येत नाही."

शेवटचं. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात वर्षाचे बावन्न शनिवार आखले आहेत. बारा माझे, चाळीस मोकळे आहेत. केक नको, केळी नकोत, फोटो तर नकोतच. एक तास बसायचं आणि बाई विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. पण जी तारीख पाळता येईल तिच्यापुढेच नाव लिहा. नाहीतर ती रिकामी राहू दे. बाई हजेरी घेतात.